बिनशिट्टीची खिचडी

मार्च लागला की आमच्या इमारतीतले आवाज कमी होतात. जिन्यात खेळणारी मुलं दिसेनाशी होतात, टीव्ही बारीक होतात, आणि सकाळी कुठलं तरी दार उघडून एखादी आई दह्याची वाटी हातात घेऊन म्हणते, "पेपर आधी सगळा वाच. घाई करू नको." यंदा समोरच्या घरातला ओंकार दहावीला आहे. त्याची आई परवा मला सांगून गेली, "काकू, दुपारी जरा मिक्सर नका लावू हां, तो झोपतो तेव्हा." मी बरं म्हटलं. माझ्या घरात दुपारी मिक्सर लागतच नाही. एकटीसाठी कितीसं वाटायचं असतं?

ती गेल्यावर मी खिडकीशी येऊन उभी राहिले. खाली ऊन पांढरं झालं होतं. पॅड छातीशी धरून दोन मुली रिक्षात बसत होत्या. या दिवसांतलं हे ऊन, ही जपून पाळलेली शांतता आणि कुणाच्या तरी घरातून येणारा शिजत्या भाताचा वास एकत्र आले की मला शाळेमागची जुनी कॅन्टीनची खोली आठवते. काही वर्षांपूर्वी एका मार्च महिन्यात त्या खोलीत मी पाच मुलांना स्वयंपाक शिकवला. त्यांतल्या एका मुलीची आठवण अजून माझ्या दुपारांत येऊन बसते.

वसईतल्या एका शाळेला जोडलेल्या विशेष वर्गाची मी शिक्षिका होते. ज्या मुलांना पुस्तकांचा फारसा उपयोग नसतो, त्यांचा वर्ग. त्या वर्षी माझ्याकडे सोळा ते वीस वयाची पाच मुलं होती. शरीरानं मोठी, काहींना मिसरूड फुटलेली, पण शर्टाची बटणं क्रमानं लावणं हासुद्धा त्यांच्यासाठी सकाळचा एक मोठा कार्यक्रम असे. त्या वर्षी आमच्या शाळेला दहावीचं केंद्र मिळालं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं आणि अवघडून म्हणाल्या, "तुमच्या वर्गाचा आवाज होतो हो. परीक्षा होईपर्यंत जरा मागे बसाल का?" त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या जोसेफला गुणगुणल्याशिवाय राहवत नसे, आणि गुणगुणता गुणगुणता त्याचा आवाज चढत जाई.

मागे म्हणजे बंद पडलेल्या कॅन्टीनमध्ये. कुंपणाच्या भिंतीला टेकलेली लांबट खोली, काळ्या दगडाचा ओटा, एक मोरी, आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी वाडीतल्या केळी. आमच्या मदतनीस सिसिलिया मावशींनी ती खोली एका सकाळी घासून काढली. पदर खोचून, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत त्या ओट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टीचर, एवढा चांगला ओटा आहे. इथे बसून ही पोरं मणी ओवणार काय?"

मुलांच्या वार्षिक आराखड्यात 'स्वयंपाक' हा शब्द दर वर्षी असायचा. दर वर्षी आम्ही एकदा लिंबाचं सरबत करायचो आणि त्याच्यापुढे खूण करून टाकायचो. त्या वर्षी ओटाच समोर आला म्हणून खरी सुरुवात झाली.

माझ्या स्वतःच्या घरात मात्र तेव्हा स्वयंपाक थांबला होता. आदल्या दिवाळीनंतर हे गेले. झोपेतच गेले, काही बोलणं झालं नाही. मुलगी बंगळुरूहून आली, राहिली, परत गेली. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवलीस का?" "जेवले." ते खोटंही नव्हतं. दुधात बुडवलेला पाव, एखादं केळं, कधी नुसती बिस्किटं. कुकर ओट्यावर पालथा होता तसाच होता. भात लावायचा म्हणजे किती लावायचा, हेच मला उमगत नव्हतं. इतकी वर्षं माझा हात दोघांच्या मापानं डब्यात गेला होता. एकदा एकटीसाठी घेतले तर तांदूळ कुकरच्या तळाशी इतके थोडे दिसले की मी ते परत डब्यात ओतले.

तर अशा दिवसांत सकाळी मी मुलांसमोर उभी राहून म्हणायचे, "आज आपण शिकरण करणार आहोत."

पहिला आठवडा आम्ही विस्तव पेटवलाच नाही. शिकरण, काकडीची कोशिंबीर, भेळ. केळं सोलायला पाचही जणांना येत होतं, पण अर्धवट सोलून दाबायचं की पूर्ण सोलून, यात एक अख्खी सकाळ गेली. एकाचं केळं दर वेळी दुधात पडण्याआधी तोंडात जायचं. जोसेफला धुण्याचं वेड होतं. काकड्या, वाट्या, चमचे, तो सगळं धूतच राहायचा. त्याच्या हातातून काकडी काढून घेताना मावशी म्हणायच्या, "बस रे बाबा, तिचा रंग जाईल."

आणि मनाली. एकोणीस वर्षांची, गोलसर चेहऱ्याची, दोन घट्ट वेण्या. त्या वेण्या तिचे वडील घालून देत. पापडीच्या बाजूला बागाईतदारांची जुनी घरं आहेत, त्यांतलं त्यांचं एक. वाडी आता थोडीच उरलेली, ती भाऊबंदांत वाटलेली. आई मनालीच्या लहानपणीच वारलेली. वडील सातिवलीत एका कारखान्यात पॅकिंगला जात. सकाळी निघत ते अंधार पडता पडता परत येत. मनाली शाळेतून दुपारी रिक्षानं घरी जाई, आणि तिथून संध्याकाळपर्यंत घरात ती एकटी. शेजारच्या काकू मधून मधून डोकावून जात.

स्वयंपाक सुरू करणार असल्याचा निरोप मी घरोघरी पाठवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनालीचे वडील फाटकाशी आले. कामावर जायच्या घाईत होते.

"बाई, काय सोलायचं, चिरायचं ते तिला करू द्या. गॅसला मात्र हात लावू देऊ नका."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी मनालीची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती.

"चहा करायला गेली होती. माझ्यासाठी. मी यायच्या वेळेला." मग त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली आणि आतली वस्तू दाखवली. डब्याशेजारी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला गॅसचा रेग्युलेटर होता. "तेव्हापासून हा रोज माझ्याबरोबर कामाला येतो."

मनाली आमच्याकडे न बघता कुंपणावरच्या मांजरीला बघत होती. मी त्यांना शब्द दिला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कुकर लावला. मुगाची खिचडी करायची, तीन शिट्ट्या मोजायच्या आणि गॅस बंद करायचा, असा माझा बेत होता. पहिली शिट्टी झाली आणि जोसेफ कानांवर हात दाबून ओट्याखाली शिरला. दुसरी होते न होते तोच परीक्षेच्या देखरेखीवरचे एक सर घामाघूम होऊन दारात आले. "अहो मॅडम, आत गणिताचा पेपर चालू आहे. मुलं हसतायत." मी कुकर उतरवला. दोन दिवसांनी मोहरीच्या फोडणीचा धूर वाऱ्यानं हॉलमध्ये गेला आणि निम्मे परीक्षार्थी खोकले, अशी तक्रार आली. त्यानंतर आम्हाला सांगण्यात आलं की आवाज नको आणि फोडणीही नको.

मग उरलं काय? पातेलं, झाकण, तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ आणि पाणी. आम्ही पातेल्यात खिचडी शिजवायला लागलो, जशी माझी आई साताऱ्याला चुलीवर शिजवायची. यात शिट्ट्या मोजायच्या नव्हत्या. शीत काढून बोटांत दाबून पाहायचं होतं. आत कणी लागली तर अजून वेळ, मऊ लागली तर झालं. मी पंचवीस वर्षं अशा मुलांना आकडे शिकवत आले होते. घड्याळ, मिनिटं, शिट्ट्या, माप. चारच्या पुढे त्यांच्या हातून आकडे निसटत. पण शीत दाबलं की पाचही जणांना कळत होतं. डोळे मिटून, जीभ थोडी बाहेर काढून, अंगठा आणि तर्जनीमध्ये ते एवढंसं शीत धरून ती मुलं उभी राहत, आणि एकेक जण सांगे, "कच्चं." पुन्हा थोड्या वेळानं, "कच्चं." मग कुणीतरी हळूच म्हणे, "झालं."

खरंच झालेलं असे.

तांदूळ धुण्याचं काम जोसेफकडे गेलं. पाणी अगदी नितळ होईपर्यंत तो थांबत नसे, आणि त्या वेळी त्याचं गुणगुणणं खाली, पोटात कुठेतरी उतरून जाई. ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ चालू होता. सिसिलिया मावशी दर शुक्रवारी एकच वेळ जेवत आणि संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जात. तरी रोज खिचडी झाली की पातेल्यावर वाकून वास घेत आणि म्हणत, "देवाला पण आवडली असती."

मनाली खिडकीजवळच्या स्टुलावर बसून असे. तिला मी डाळ निवडायला देई, ताटल्या मांडायला देई. गॅस पेटला की तिची जागा स्टूल. तिनं कधी हट्ट केला नाही. फक्त तिचे ओठ हलत. दुसरं कुणी बटण फिरवत असलं की हिचं मनगट मांडीवर तेवढंच फिरे. मी ते पाहत होते, आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होते, कारण शब्द दिलेला होता. जेवायला बसलो की मात्र ती सगळ्यांच्या आधी ताटली पुढे करी. पहिल्या दिवशी तिनं खिचडीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग हसली. पुढे कितीतरी वेळ नुसती वाफेवर तोंड धरून बसली.

मला तेव्हा कळलं नाही की दुपारचं गरम जेवण या मुलीला बहुधा अनेक वर्षांत मिळालं नव्हतं.

महिन्याच्या मध्यावर ती सकाळ आली. आम्ही एका बाजूला खिचडी ठेवली होती आणि दुसऱ्या शेगडीवर दूध. नेमकी त्याच वेळी पेपर सुरू झाल्याची घंटा कुणीतरी आमच्या खिडकीपाशी येऊन जोरात बडवली. जोसेफ घाबरला. तो चांगला दांडगा मुलगा, भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी आणि मावशी दोघी त्याला धरायला धावलो. एकीनं त्याच्या डोक्यामागे हात घातला, दुसरीनं कमरेला विळखा. बाकीची मुलं दारात गोळा झाली, त्यांतलं एक रडायला लागलं. हे किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. जोसेफ शांत होऊन जमिनीवर बसला, तेव्हा मागून मनालीचा आवाज आला.

"टीचर, वास."

दूध उतू जाऊन दोन्ही शेगड्या विझल्या होत्या. ओट्यावरून दूध खाली ठिबकत होतं. पण दोन्ही बटणं बंद होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. आणि मनाली दिव्याच्या बटणासमोर उभी होती, दोन्ही हात मागे घट्ट बांधून. चित्रांच्या कार्डांवरून मी इतरांना शिकवलं होतं की गॅसचा वास आला तर बटण बंद करायचं, खिडकी उघडायची, दिव्याला हात लावायचा नाही. तिला मी ते शिकवलं नव्हतं. तिनं स्टुलावर बसून शिकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मी पापडीला तिच्या घरी गेले. मला वाटत होतं, मी आनंदाची बातमी घेऊन चालले आहे. वाटेतल्या बावखलाचं, तिथल्या जुन्या तळ्याचं, पाणी आटून हिरवं झालं होतं. अंगणात सोनचाफ्याचं झाड होतं. तिचे वडील नुकतेच आले होते, पाय धूत होते. मनालीशी ते आपल्या घरच्या बोलीत बोलत, माझ्याशी शाळेतलं मराठी. मी सगळं सांगितलं. मनाली दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळत होतं.

त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "म्हणजे गॅस चालू राहिला."

"हो, पण तिनं..."

"बाई, गॅस चालू राहिला. तुम्ही दोघी होतात, तरी राहिला."

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला.

"तुम्ही दुपारी तिला रिक्षात बसवता. तिथून पुढचा दिवस माझा. मी तिकडे खोकी बांधत असतो आणि डोकं सगळं इथे. फोन वाजला की छातीत धस्स होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "तिला आता काही दिवस घरीच राहू दे."

मी परतले तेव्हा दिवे लागले होते. कुलूप उघडून घरात शिरले. मुलीचा फोन आला. "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." मग अंधारातच बसून राहिले. मनाली उद्यापासून सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्या घरात एकटी असणार, एवढंच मनात फिरत होतं. एकट्या घरात दुपार कशी असते, ते मला तोवर कळून चुकलं होतं. भिंतीवरचं ऊन सरकतं. फ्रिज मधेच सुरू होतो, मधेच बंद होतो. कुणी हाक मारली असा भास होतो.

त्यानंतर काही दिवस तिचं स्टूल रिकामं होतं. मुलं ताटल्या मांडताना तिची ताटली मांडत, आणि मावशी ती उचलून ठेवत.

मग एका सकाळी दारात ते दोघं उभे होते. वडिलांनी कामावरचे कपडे घातले होते, पण पिशवी नव्हती. त्यांनी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती.

"ही डबा खात नाही," ते म्हणाले. "रोज जसाच्या तसा परत. पहिले दोन दिवस वाटलं, रुसली असेल. काल विचारलं, तर म्हणाली, गार आहे." ते थांबले. "इतकी वर्षं गारच खात होती. कधी म्हणाली नाही. तुम्ही तिला गरम खायला शिकवलंत."

ही तक्रार होती की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. त्यांनाही ठरवता आलं नसावं. मी त्यांना बसायला सांगितलं. खोलीत एकच स्टूल होतं. ते त्यावर बसले.

मनाली ओट्यापाशी गेली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडिलांनी मान हलवली, तीही इतकी थोडी की दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसती. तिनं वेण्या पाठीवर टाकल्या. ओढणी नव्हतीच, तरी ओढणी बांधल्यासारखं केलं, जसं मावशी पदर खोचतात. जोसेफनं धुतलेले तांदूळ तिच्या हाती दिले. पाणी, डाळ, हळद, मीठ. लायटर चार वेळा नुसताच खटखटला. पाचव्यांदा ज्योत धरली, तेव्हा तिचे वडील स्टुलावरून अर्धवट उठले आणि सिसिलिया मावशींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा हो भाऊ. ती बघतेय."

ती खरंच बघत होती. पातेल्यापासून हातभर दूर उभी राहून, डोळे न हलवता. झाकण काढताना वाफ आपल्या अंगावर न येता पलीकडे जाईल असं तिरकं धरायचं, हेही तिनं केलं. शीत काढलं. दाबलं. "कच्चं." बाहेर घंटा झाली. आज जोसेफच्या कानांत मावशींनी कापूस घातला होता. पुन्हा शीत काढलं. हॉलमधली शांतता आमच्या खोलीपर्यंत आली होती, पातेल्यातली बुडबुड तेवढी ऐकू येत होती. मला आठवतं, मी तेव्हा श्वास रोखून उभी होते. माझ्या मुलीच्या बारावीच्या निकालालाही मी अशी उभी राहिले नव्हते.

"झालं," मनाली म्हणाली. बटण बंद केलं. बंद झालं का ते वाकून पाहिलं. मग वडिलांसाठी ताटली वाढली.

मीठ जास्त झालं होतं. मी चाखल्यावर मला कळलं. त्यांनी ताटली संपवली, बोटं चाटली, आणि ताटली पुन्हा पुढे केली. मनालीनं पुन्हा वाढलं. खाली मान घालून खाता खाता ते म्हणाले, "बाई, हिला खिचडी आली, म्हणून माझ्यानंतरचं सुटलं असं नाही ना."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. खोटं न बोलल्याबद्दल त्यांना बरं वाटलं असावं. "पण दुपारचं सुटेल," ते म्हणाले.

परीक्षा संपल्या, शाळेला सुट्टी लागली, आणि एप्रिलभर मी रोज दुपारी पापडीला जात होते. त्यांनी रेग्युलेटर कामावर नेणं सोडलं होतं, पण तो लागायचा मी तिथे असेन तेवढ्याच वेळापुरता. तो शेजारच्या काकूंकडे ठेवून जात. मी तो घ्यायचा, लावायचा, निघताना परत द्यायचा. मनालीच्या स्वयंपाकघरात खिडकीतून केळीच्या पानांचा हिरवा उजेड येई. पहिले काही दिवस मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. खिचडी झाली की आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवायचो. ती फार बोलत नसे. "मीठ?" मी विचारायचे. "बरं," ती म्हणायची. त्या जेवणांना चव होती. वाफाळत्या भातावर तूप विरघळताना मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते. एकदा मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा मनालीनं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "टीचर, भूक."

आमच्या कामात एक गोष्ट असते. शिकवताना जितकी मदत दिली, तितकी ती पुढे थोडी थोडी काढून घ्यायची. हात धरून शिकवलं असेल तर हात सोडायचा. मग शब्द कमी करायचे. मग नजरही. तसं मी करत गेले. खांद्यापाशी उभी होते, ती दाराशी गेले. दारातून बाहेरच्या खोलीत. तिथून ओटीवर. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला की माझा जीव वर येई, तरी मी उठत नसे. मी ओटीवर गेल्यावर मनाली माझी ताटली वाढत राहिली, मग एक दिवस तिनं वाढली नाही. मी दिसत नव्हते, म्हणून तिनं एकटीपुरतं केलं. मी आत डोकावले, तर ती भिंतीला टेकून शांतपणे जेवत होती. मला हेच हवं होतं. आराखड्यात मी हेच लिहिलं होतं. तरी ओटीवर परत येऊन बसल्यावर मला कोण जाणे का रडू आलं.

शेवटी मी घरातही जाईनाशी झाले. कुंपणाबाहेर, सोनचाफ्याच्या सावलीत उभी राहायचे. फुलांचा वास आणि आतून भाताचा. भात झाल्याचा वास आला की मी शेजारच्या काकूंना हात करायचे आणि निघायचे. एके दिवशी काकू म्हणाल्या, "तुम्ही कशाला उन्हात येताय आता? मी आहे ना. रेग्युलेटर पण ते घरीच ठेवून जातात सोमवारपासून." मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी पालथा पडलेला कुकर उचलून कपाटात ठेवला आणि छोटं पातेलं काढलं. मूठभर तांदूळ घेतले. पातेल्यात ते इतके थोडे दिसत नव्हते. शीत दाबून बघताना माझी बोटं भाजली, इतके दिवस शितं दाबायचं काम मुलंच करत आली होती. पातळ वरण केलं, लिंबू पिळलं, आणि टेबलावर न बसता जमिनीवर बसून जेवले. फोन आला तेव्हा मुलीनं नेहमीचं विचारलं. मी काय काय खाल्लं ते सांगायला लागले, तर तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढे मी निवृत्त झाले. माझा वर्ग बंद झाला, मुलं कमी झाली होती आणि नवी शिक्षिका मिळाली नाही. सिसिलिया मावशी लेकाकडे विरारला राहायला गेल्या. जोसेफचं कुटुंब परदेशी गेलं. तिकडे तो एका मोठ्या स्वयंपाकघरात भाज्या धुतो, असं मावशींकडून कळलं, आणि मला आनंद झाला. कॅन्टीनच्या खोलीत आता जुने बाक रचून ठेवले आहेत.

ओंकारच्या आईनं मिक्सरचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी दुपारची पापडीला गेले. फार दिवसांनी. दार मनालीनं उघडलं. केस आता एकाच वेणीत, स्वतः घातलेली, जरा वाकडी. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तिनं मला पाणी दिलं, मी बसले, ती समोर बसली.

"जेवलीस?" मी विचारलं.

"जेवले. भात, डाळ, काकडी."

"बाबा?"

"कामाला." मग तिनं विचारलं, "टीचर, तुम्ही जेवलात?"

"जेवून आले."

"कोणी केलं?"

"मीच."

तिनं मान हलवली. "मीपण," म्हणाली.

बराच वेळ आम्ही बसून राहिलो. पंखा फिरत होता. बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासत होती. मला तिला पुष्कळ विचारायचं होतं. दुपारी काय करतेस, कंटाळा येतो का, भीती वाटते का, कुणी यावंसं वाटतं का. पण ती स्वस्थ बसली होती. ज्या घरात आपण रोज एकटे असतो, त्या घरात माणूस बसतो तशी. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला हेच सगळं उलट विचारलं असतं, असं उगाच वाटून गेलं.

थोड्या वेळानं ती उठली. "टीचर, आता मी झोपते. दार लावायचंय."

"हो, लाव," म्हणत मी चपला घातल्या. ती दारात उभी राहून मी पायरी उतरेपर्यंत थांबली. मग दार ओढलं. आतून कडी सरकली. ती नीट बसली का, हे ऐकायला मी पायरीवर क्षणभर थांबले.

नीट बसली होती. मी रस्त्याला लागले.